नोंदवहीला लावलेली खळ

२० नोव्हेंबर २००५, रविवार. जुन्या तांदळाची कोठी रिकामी करायची होती. कोंढ्याहून नवा तांदूळ दोन दिवसांत येणार होता आणि जुन्यात सोंडे किडे झाले होते. मी अंगणात सतरंजी टाकली, त्यावर तांदूळ ओतला, चाळणी घेतली आणि बसले. माझे वडील ओसरीवर खुर्चीत होते. त्यांना एका डोळ्याने काहीच दिसत नव्हतं आणि दुसऱ्याने नुसता उजेड आणि माणसाचा आकार दिसायचा. त्यामुळे घरात कोण काय करतं आहे, हे ते आवाजावरून ओळखत.

“सोंडे लागले का?” बाबांनी विचारलं.

“लागले.”

“किती?”

“मोजू का आता?”

कोठीकडे पावसाळाभर कोणी बघितलं नव्हतं, हे खरं आहे. आई एप्रिलमध्ये गेली. त्यानंतर मी घरात फक्त रोजची कामं करत होते. स्वयंपाक, ऑफिस, धुणं. जे आज केलं नाही तर आजच अडेल, तेवढंच. कोठी उघडून बघणं, गाद्यांना ऊन देणं, असली कामं राहून गेली. मी रडले नाही. पवनीच्या, माझ्या माहेरच्या बायकांनी ते बघितलं आणि लक्षात ठेवलं. बाबाही रडले नाहीत, पण पुरुषांचं कोणी लक्षात ठेवत नाही.

मी त्यांची एकुलती एक. आईचा चौदावा झाल्यावर एक ट्रंक आणि बाबांना घेऊन जीपने भंडाऱ्याला, आमच्या घरी आले. समोरच्या काकू दुसऱ्याच दिवशी फाटकाशी उभ्या.

“काहून वो, बाबाजी आता इथंच राहतेत का?”

“हो.”

“लेकीच्या घरी? अन् जवाईबापूले चालते?”

आमचे हे सायकल पुसत होते. ते म्हणाले, “मले काय विचारता, काकू? या घरात मीच हिले विचारून राहतो.”

तो विषय तिथे संपला.

बाबांनी मोठ्या बंदराच्या शहरात कस्टमच्या इमारतीत तीस वर्षांवर नोकरी केली. साहेब म्हणून नाही. ते दप्तरी होते. दप्तरी म्हणजे बस्ते बांधणारा, नोंदवह्या शिवणारा, फाटलेले कागद डकवणारा माणूस. पवनीच्या विणकराच्या घरातला मुलगा, हाताला धागा आणि गाठ माहीत, म्हणून त्यांना ते काम मिळालं. गोदीमागच्या चाळीत आमची एक खोली होती. मी दहा वर्षांची होईपर्यंत तिथे राहिले. मग आजोबा अंथरुणाला खिळले, त्यांचं बघायला आई मला घेऊन पवनीला आली आणि बाबा निवृत्त होईपर्यंत तिथे एकटे राहिले.

जुलैमध्ये त्या ऑफिसातून पत्र आलं. कामकाज नव्या जागेत जाणार होतं, जुनी इमारत रिकामी होणार होती, आणि त्यानिमित्ताने इमारतीच्या इतिहासाची एक पुस्तिका काढायची होती. जुन्या कर्मचाऱ्यांनी आठवणी लिहून पाठवाव्यात, अशी विनंती होती. पत्र पवनीच्या पत्त्यावर गेलं होतं, तिथून फिरून आमच्याकडे आलं. मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

“तू लिहशील का, बाई?”

“लिहीन. रोज एक तास. बातम्यांच्या आधी.”

मला लिहिण्याचा कंटाळा नाही. सरकारी ऑफिसात कारकून आहे, दिवसभर तेच करते. जिल्हा फुटला तेव्हा सहा महिने आम्ही दप्तरंच वाटत होतो. कोणतं भंडाऱ्यात राहणार, कोणतं गोंदियाला जाणार, कोणत्या फायलीत दोन्हीकडची गावं आहेत, याच्या याद्या चार प्रतींत केल्या. कार्बन घालून लिहायचं म्हणजे पेन दाबून लिहावं लागतं. तेव्हापासून माझं अक्षर कागदात रुतून बसतं. आणि एक सवय त्या कामाने लागली: लेखी द्यायचं ते कमीत कमी द्यायचं. पुढे कोणती ओळ कोणाच्या अंगावर येईल, सांगता येत नाही.

पहिल्या संध्याकाळी बाबा म्हणाले, “लिही. इमारत समुद्रात आहे.”

“समुद्रात म्हणजे?”

“समुद्रातच. वरून दिसत नाही, एवढंच.”

जागा भरावाची होती. आधी तिथे ओहोटीला उघडा पडणारा नुसता चिखल. त्यात सागाचे सरळ ओंडके ठोकून खाली उतरवले आणि त्या ओंडक्यांवर दगडी जोतं चढवलं. लाकूड पाण्यात बुडून राहिलं तर वर्षानुवर्षं टिकतं, पण भरावामुळे पूर्वेकडचं पाणी हटलं, तिथले ओंडके कोरडे पडले, कुजले आणि ती बाजू खचली. रेकॉर्डरूम त्याच बाजूला होती. तिचं दार कधीच नीट लागलं नाही. बाबा रोज संध्याकाळी पुठ्ठ्याची घडी करून दारात ठोकायचे. नोकरीभर त्यांनी हे केलं.

मागच्या भिंतीत सायकल स्टँडजवळ एक लोखंडी कडं होतं. नवे लोक विचारायचे, इथे बैल बांधत होते का? ते कडं होड्या बांधायचं होतं. इमारत बांधली तेव्हा भरतीचं पाणी तिथपर्यंत यायचं. बाबांच्या काळात समुद्र बघायचा तर गच्चीवर जावं लागे.

तळमजला आधी मोकळा होता, नुसते खांब. बैलगाड्या एका बाजूने आत येत, मालाच्या गासड्या वजनकाट्यावर चढत, दुसऱ्या बाजूने बाहेर. मग बंदर वाढलं. बोटी बाहेर दिवस दिवस रांगेत थांबायला लागल्या, कागद वाढले, बाबू वाढले, तेव्हा खांबांमधल्या जागा विटांनी बंद करून तिथे खोल्या केल्या. एका खोलीत मालाचे नमुने ठेवत. लवंगा, खारका, रंगाची पूड, रेशमाचे तुकडे. त्या खोलीचा वास बाबांच्या सदऱ्याला यायचा, हे मला आठवतं. मोठ्या दालनात सकाळी दहाला दलालांची जी गर्दी होई, ती पाचपर्यंत हलत नसे. बाबा बस्ते डोक्यावर घेऊन त्यातून वाट काढायचे.

आमचे हे रोज जेवताना विचारायचे, “मामाजी, आज कितवा मजला?”

“जोत्यावरच आहो अजून, जवाईबापू.”

“मग छत दिवाळीनंतर पडते का?”

“पडते काहून? बसते म्हणा!”

दिवाळीपर्यंत खरंच बरंच लिहून झालं. तळमजल्याच्या पुढची हकीकत अशी, की बंदरात मोठाल्या लोखंडी पेट्या, म्हणजे कंटेनर, आल्या. माल पेटीत बंद होऊन येतो, बंदरातून परस्पर जातो, इमारतीत फक्त कागद येतो. दालनातली गर्दी कमी झाली. नमुन्याच्या खोलीला कुलूप लागलं. बाबा निवृत्त झाले तेव्हा कागद तरी येत होते. नंतर संगणक आले आणि तेही थांबले असणार. बाबा म्हणाले, “बंदर फुगत गेलं अन् इमारत रिकामी होत गेली. असंच लिही.” मी तसंच लिहिलं.

इमारत बांधतानाच्या गोष्टी बाबांना ठाऊक असण्याचं कारण एक नोंदवही होती. इमारतीची स्वतःची. जागेची मापं, दगड कुठून आला, लाकूड कुठून आलं, मजुरांची हजेरी, सगळं त्यात इंग्रजीत होतं. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. रेकॉर्डकीपर होते, ते दुपारच्या सुट्टीत ती वही उघडायचे आणि जेवता जेवता बाबांना मराठीत सांगायचे. बाबा त्यांना मोठे बाबू म्हणत. ते कोकणातले, एकटे, दम्याचे. बाबा पहिल्यांदा शहरात आले तेव्हा खोली मिळेपर्यंत मोठ्या बाबूंनी त्यांना आपल्या खोलीत झोपायला जागा दिली होती. नोंदवहीत एक पान होतं, त्यावर हजेरी नव्हती, फक्त एक ओळ: बांध फुटला, आज काम नाही. दुसऱ्या दिवसाच्या हजेरीत माणसं कमी होती. कारण लिहिलेलं नव्हतं. मोठे बाबू त्या पानावर दर वेळी थांबायचे, असं बाबांनी सांगितलं. तेही मी लिहिलं.

मग ती वही कुठे आहे, असं मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, “गेली. किड्यांनी खाल्ली.” मी तेवढंच लिहून पुढे गेले आणि ऑक्टोबरअखेरीस सगळे कागद पाठवून दिले.

तांदूळ चाळायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्या ऑफिसातून दुसरं पत्र आलं. आठवणी फार उपयोगी पडल्या, आभार, आणि सोबत पुस्तिकेतल्या काही मजकुराचा मसुदा होता. काही चुकलं असल्यास महिनाअखेरीपर्यंत कळवा, नंतर छापायला जाईल. शनिवारी मला वेळ नव्हता. रविवारी तांदूळ चाळता चाळता मी तो मसुदा बाबांना वाचून दाखवायला घेतला. मांडीवर कागद, हातात चाळणी.

चौथा मुद्दा असा होता: इमारतीची मूळ नोंदवही तत्कालीन अभिलेखपालाच्या निष्काळजीपणामुळे कसर लागून नष्ट झाली.

“अभिलेखपाल म्हणजे मोठे बाबूच ना?” बाबांनी विचारलं.

“तेच.”

“पुन्हा वाच.”

मी वाचलं.

“चाळणी थांबव, बाई.”

मी चाळणी खाली ठेवली.

“खळ आपल्या घरची होती,” बाबा म्हणाले.

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं, ते मी त्यांच्याच क्रमाने देते. वहीची पानं जुनी होऊन मऊ पडली होती, कडा तुटत होत्या. मोठ्या बाबूंनी ती बाबांकडे दुरुस्तीला दिली. ऑफिसात डकवायला खळ मिळायची, तिच्यात मोरचूद घातलेलं असायचं. किडा लागू नये म्हणून. पण तिने कागद निळसर आणि ताठ होतो, आणि पान उलटताना मोडतं, असं बाबांचं मत होतं. त्यांनी लहानपणापासून मागाच्या ताण्याला, उभ्या सुताला, खळ लावलेली. तांदळाचं पीठ पातळ शिजवायचं, फडक्यातून गाळायचं, हलक्या हाताने कुंचा फिरवायचा. सूत गुळगुळीत आणि दमदार होतं. मग कागद का होणार नाही? त्यांनी सहा महिने बसून एकेक पान दोन्ही बाजूंनी तशी खळ लावून सुकवलं. वही नव्यासारखी झाली. साहेब लोकांनी बघितली, पाहुण्यांना दाखवली.

“अन् दोन पावसाळ्यानंतर उघडली, तर चाळण,” बाबा म्हणाले. “पानच नाही हाती येत. भुगा.”

“तुम्हाला एवढं कळलं नाही, की तांदळाला किडा लागतो?”

“आपल्या इकडं लागते कधी, बाई? खळ लावलेला माल पंधरा दिवसांत बाजारात जाते. घेणारा घरी नेऊन धुते. धुतलं का खळ गेली पाण्यात. विणकराच्या घरी खळ ठेवते कोण? कागद कोणी धुत नाही, हे माह्या डोक्यातच नाही आलं.”

मला ती खळ आठवत होती. चाळीतल्या खोलीत शेगडीवर आई ढवळायची आणि फडक्याची दोन टोकं मी धरायची. आई म्हणायची, “सैल सोडू नको वो, गुठळी जाते.” मग ती जेवणाच्या डब्याच्या वरच्या खणात भरून बाबा घेऊन जायचे. मला वाटायचं, सगळ्यांचे वडील ऑफिसात खळ नेतात.

“मग चौकशी झाली,” बाबा म्हणाले. “साहेबानं विचारलं, खळ ऑफिसचीच वापरली ना? मी म्हटलं, होय साहेब. एवढंच बोललो.”

“आणि मोठे बाबू?”

“बाजूलेच उभे होते. त्याईले माहीत होतं. मी सुरुवातीच्या पानावर होतो तेव्हाच वासावरून ओळखलं त्याईनं. म्हणे, भाताचा वास येते रे, भूक लागते. हसले अन् गेले. चौकशीत काही बोलले नाही.”

“काहून?”

“मले काय माहीत? मी विचारलं नाही. डांबराच्या गोळ्या ठेवल्या नाही म्हणून त्याईच्यावर आलं. गोदीवर पाठवलं, लोकरीच्या शेडमध्ये. छाती तशीच खराब. तिथून दोन वर्षांनी निवृत्त होऊन गावी गेले. मग पत्ता नाही.”

“आईला माहीत होतं?”

“नाही सांगितलं.”

आईला जाऊन सात महिने झाले होते. हे ऐकून मला काहीतरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. मी सतरंजीच्या कडेने चालणारा एक सोंडा बोटाने मागे लोटला.

“हे लिही,” बाबा म्हणाले. “चौथा मुद्दा चूक आहे. चूक दप्तऱ्याची.”

“हे कशाला लिहायचं? ते गेले असतील. चौकशी करणारेही गेले असतील.”

“पुस्तक तर आता छापून राहिले ना?”

“तुमच्या नावावर लेखी कबुली जाईल. शिवाय आईची खळ. लोक काय, कसंही वाचतात.”

“मी सांगून राहिलो ना तुले, लिही.”

मी पॅड आणलं. बाकीच्या तीन मुद्द्यांची उत्तरं लिहिली. एका ठिकाणी दालनाच्या खिडक्यांची दिशा चुकली होती, ती दुरुस्त केली. चौथ्यावर आले. बाबा सांगू लागले. मी पेनचं बटण दाबून टोक आत घेतलं आणि कागदावर नुसता हात फिरवला, हलका. ते सांगत होते तेवढा वेळ फिरवत राहिले. कारकुनाला हे शिकवावं लागत नाही. साहेब रागाच्या भरात काहीबाही सांगतात, तेव्हा आम्ही मान हलवतो आणि लिहीत नाही. संध्याकाळी साहेबच आभार मानतात.

मग तांदूळ चाळून संपवला, कडुनिंबाचा पाला कोठीच्या तळाशी घातला, हात धुतले.

दिवेलागणीला बाबा म्हणाले, “वाचून दाखव.”

मी वाचलं. चौथा मुद्दाही वाचला. त्यांचे शब्द मला पाठ होते, एकही इकडचा तिकडे झाला नाही. खळ ऑफिसची नव्हती, अभिलेखपालांचा दोष नाही, चौकशीत मी खोटं बोललो. आमचे हे दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी पहिल्यांदाच काही गंमत केली नाही.

“दे, सही करतो,” बाबा म्हणाले.

मी कागद दिला. ते सहीची जागा चाचपडत आहेत असं मला वाटलं. त्यांनी कागद उलटा केला. मागच्या बाजूने वरपासून बोट फिरवायला लागले, सावकाश, एकेक ओळ. माझं दाबून लिहिलेलं मागून उमटत होतं. पहिला मुद्दा, दुसरा, तिसरा. मग बोट थांबलं. खाली सरकलं, परत वर आलं.

“इथून खाली कोरं आहे.”

“पेन नीट चालत नव्हता.”

“शाई संपली असंल, बाई. हाताचा जोर कुठं गेला?”

त्यांनी कागद माझ्या दिशेने धरला. मी घेतला नाही, म्हणून त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि त्याच्या कडा जुळवल्या, बस्त्यात घालण्याआधी जुळवतात तशा.

“मीही ‘होय साहेब’ म्हटलं होतं,” ते म्हणाले. “आवाज असाच होता. अगदी साधा.”

ते रागावले नाहीत. जेवायला बसले, दोन पोळ्या खाल्ल्या, भात घेतला, ताक मागितलं. आमच्या ह्यांनी मला स्वयंपाकघरात विचारलं, “काय झालं वो?”

“काही नाही.”

“मग मामाजी असे चुपचाप काहून बसले?”

“जेवले ना?”

“जेवले.”

“मग झालं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “तू आईच्या वेळीही असंच म्हणत होती. चहा झाला, पाणी भरलं, मग झालं.” आणि बाहेर गेले. मी भांडी घासायला घेतली. मला वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. बाबांचा आवाज कानात होता एवढंच, आणि त्याच्यामागे माझाही. वाचताना माझा आवाज जरासुद्धा अडखळला नव्हता. सकाळी ते ऐकलं तेव्हा काही झालं नाही, आई गेली तेव्हाही काही झालं नाही, आणि हे वाचतानाही काही झालं नाही. ज्या माणसाने त्यांना झोपायला जागा दिली, त्याच्या नावापुढे निष्काळजी हा शब्द छापला जाणार होता, आणि तो आता फक्त माझ्या हाताने खोडता येणार होता. बाबांना दिसत असतं तर त्यांनी स्वतः लिहिलं असतं. मराठी लिहिता येत होतं त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला नळ आला. पाणी भरलं. गॅस पेटवण्याआधी ओट्याशी उभी राहून नवा कागद घेतला आणि चारही मुद्दे पहिल्यापासून लिहिले. चौथा असा लिहिला: नोंदवही नष्ट होण्यात अभिलेखपालांचा दोष नव्हता. दुरुस्ती मी केली. ऑफिसची मोरचूद घातलेली खळ न वापरता मी घरून आणलेली तांदळाची खळ वापरली, तिला कसर लागली. चौकशीत मला विचारलं असता मी खोटं उत्तर दिलं. अभिलेखपालांना ते माहीत होतं, तरी ते बोलले नाहीत आणि त्यांची बदली झाली. पुस्तिकेत हे असंच छापावं. न छापल्यास निष्काळजीपणाचं वाक्य तरी काढावं.

शेवटचं वाक्य माझं. ऑफिस कसं चालतं ते मला माहीत आहे. सगळं छापणार नाहीत, पण एक वाक्य काढायला त्यांना त्रास नाही.

बाबा उठून ओसरीवर आले होते. मी चहा दिला आणि वाचलं.

“काढावं, हे मी म्हटलं नव्हतं,” ते म्हणाले.

“मी घातलं.”

“राहू दे.”

“आईने शिजवली होती, ते लिहू का?”

त्यांनी चहा संपवला. कप खाली ठेवला.

“लिही. खळ चांगली होती म्हणा. गुठळी नव्हती.”

मी ती ओळ घातली. खाली आणखी एक घातली, फडकं मुलगी धरत असे, आणि ती त्यांना वाचून दाखवली. त्यांनी सही केली. सही रेषेच्या खाली गेली. मी तिच्यापुढे कंसात त्यांचं पद लिहिलं: निवृत्त दप्तरी.

डबे भरले, आंघोळ केली, साडी नेसले. पोस्ट उघडायच्या आधी दहा मिनिटं तिथे उभी होते. रजिस्टर करायला दिलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, पोचपावती हवी का? मी हवी म्हटलं आणि त्या गुलाबी कार्डावर बाबांचा पत्ता लिहिला. आमच्या घराचा. पवनीचा नाही. ऑफिसात पोचले तेव्हा उशीर झाला होता आणि मस्टर साहेबांच्या टेबलावर गेलं होतं. आत जाऊन सही केली. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मी म्हटलं, “पोस्टात गेले होते,” आणि माझ्या जागेवर येऊन बसले.